बसस्टॉप, कॅफे आणि आडनाव

चित्रपटात पाहिलेल्या जागा प्रत्यक्ष पाहायला जाण्याची हौस आता जगभर रुळली आहे. लंडनच्या नॉटिंग हिल वस्तीत १९९९ सालच्या ‘नॉटिंग हिल’ या प्रेमकथेतला निळा दरवाजा शोधत लोक आजही येतात आणि दारापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. याच वस्तीत १९५८ मध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांवर गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी हल्ले केले होते. १९६० च्या दशकापासून याच रस्त्यांवर त्यांचा कार्निव्हल भरतो. चित्रपटात मात्र ही माणसे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि समीक्षकांनी त्यावर बोट ठेवले आहे. वस्तीचे नाव घेतले, वस्तीतली माणसे वगळली. हाच प्रश्न मनात ठेवून मुंबईच्या प्रेमकथांकडे पाहिले तर काय दिसते?

मुंबईतली अशी फेरी काळा घोड्यापासून सुरू करावी. बासू चटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) मधला अमोल पालेकरचा अरुण हा बुजरा कारकून आहे. विद्या सिन्हाची प्रभा त्याला बसस्टॉपवर रोज दिसते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. असराणीचा नागेश स्कूटर घेऊन येतो आणि अरुणच्या डोळ्यांदेखत तिला घेऊन जातो. या सिनेमाने जहांगीर आर्ट गॅलरीतले ‘समोवार’ घराघरात पोहोचवले. रेल्वेच्या डब्यासारखे लांबट, अरुंद असे ते उपाहारगृह उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केले आणि २०१५ च्या मार्चमध्ये ते बंद झाले. आज तिथे जाणाऱ्याला गॅलरी सापडते, ते टेबल सापडत नाही.

टेबल गेले याची हळहळ वाटते, पण या सिनेमाचे खरे स्थळ ते टेबल नव्हतेच. दोन अनोळखी माणसे शेजारी उभी राहू शकतात, शेजारी बसू शकतात आणि तू कुणाचा कोण हे त्यांना लगेच विचारले जात नाही, ही शहराची मुभा या कथेचे भांडवल आहे. घोडेगावहून भीमाशंकरला जाताना लागणाऱ्या तळेघरसारख्या गावात ही कथा घडणार नाही. तिथे एसटीची वाट पाहणारा प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून असतो. अनोळखी व्हायचे तर मुंबई गाठावी लागते. आंबेगाव-जुन्नरच्या माणसांनी ती पोटासाठी कधीच गाठली आहे. म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू गिरणीत कामाला गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी मालाच्या ट्रकखाली शहीद झाले. मुंबईचे अनेक डबेवालेही याच मावळपट्टीतून गेलेले आहेत.

मग ही मुभा पडद्यावर कुणाकुणाला मिळाली? चटर्जींनीच ‘बातों बातों में’ (१९७९) मध्ये ती ख्रिस्ती मध्यमवर्गाला दिली. टोनी आणि नॅन्सी लोकल गाडीत भेटतात, रुसतात, पुन्हा एकत्र येतात. हिंदी सिनेमात ख्रिस्ती मुलगी बहुधा खलनायकाच्या क्लबात नाचत असे, त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

आपल्या वाट्याला मात्र ‘मुस्लिम सोशल’ आले. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीज़ा’ (१९७२): हवेली, चिलमन, मुशायरा. हे चित्रपट देखणे आहेत, त्यांचे संगीत आपल्या कानांत अजून आहे. पण ‘पाकीज़ा’तली गाडी आणि ‘बातों बातों में’ची गाडी शेजारी ठेवून पाहा. एकीत नायिका झोपेत आहे आणि नायक तिच्या पावलांपाशी चिठ्ठी ठेवून निघून जातो. दुसरीत नायिका जागी आहे, नोकरीला निघाली आहे, समोरच्याला उत्तर देते आहे. पडद्यावरच्या प्रेमाला दिल, इश्क, मोहब्बत ही भाषा उर्दूने पुरवली. त्या भाषेच्या घरातला कारकून मात्र बसच्या रांगेत उभा केला गेला नाही. मराठी बोलणारा तांबोळी, मणियार किंवा अत्तार तर त्या लखनवी हवेलीतही नव्हता.

वास्तववादी सिनेमा आला तेव्हा आपली गल्ली दिसली, पण सईद अख्तर मिर्झांच्या ‘सलीम लंगड़े पे मत रो’ (१९८९) मधल्या सलीमच्या वाट्याला खून येतो. रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ने (२०१३) थोडी वाट मोकळी केली. नवाजुद्दीन सिद्दीकीचा शेख अनाथ आहे, बडबड्या आहे, प्रेमात आहे, आणि त्याच्या लग्नात त्याच्या बाजूने उभा राहतो तो साजन फर्नांडिस. मुंबईच्या प्रेमकथेत मुसलमान इतक्या सहज हसताना आपण क्वचितच पाहिला. तरी तो नायकाचा सोबतीच आहे. या चित्रपटातले प्रेम जुळते ते चुकलेल्या डब्यामुळे. डब्यावर नाव नसते. स्टेशन, इमारत, मजला सांगणाऱ्या खुणा असतात. नावाशिवाय पोहोचता येते म्हणून ही कथा घडते.

आपल्या मुलामुलींची अडचण इथेच आहे. त्यांचा अनोळखीपणा नाव विचारेपर्यंत टिकतो. मराठीतला लाडका ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आठवा. तो ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला. पुण्यात एकट्या पुरुषांना खोली मिळत नाही, म्हणून चौघांपैकी दोघे बायका बनतात. आपणही पोट धरून हसलो. पण ब्रह्मचाऱ्याची अडचण लुगडे नेसून सुटते. खानचा किंवा शेखचा फोन ‘जागा गेली’ म्हणून ठेवला जातो, तेव्हा कोणते लुगडे नेसायचे? हे प्रेम लग्नापर्यंत पोहोचले आणि दोघांचे धर्म वेगळे असले, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा तीस दिवस आधी नोटीस मागतो आणि ती कार्यालयात लावली जाते. शहराने दिलेला अनोळखीपणा त्या फलकावर संपतो. अडवणूक बाहेरूनच होते असेही नाही. मुलगी कॅफेत दिसली म्हणून कॉलेज बंद करणारी घरे आपल्याही मोहल्ल्यात आहेत.

म्हणून या जागांची फेरी जरूर करावी, पण फोटो काढून थांबू नये. इथे आपल्यापैकी कोण उभे राहू शकले असते, हेही विचारावे. हा प्रश्न सिनेमावाल्यांइतकाच आपल्या लेखकांनाही आहे. आपल्या मराठी कथेने दंगल लिहिली, तलाक लिहिला, गरिबी लिहिली. ते लिहिणे भागच होते. पण एसटीत शेजारची जागा धरून ठेवणारा, बोलायचे ठरवून आलेला आणि ऐनवेळी तिकिटाचे सुटे पैसे मोजत बसलेला आपला मुलगा तिथे फारसा भेटत नाही. त्याच्याकडे पाहून ओठ दाबून हसणारी आपली मुलगीही भेटत नाही. दोघेही आपल्या घरांत आहेत. दुःखाची नोंद ठेवणाऱ्या लेखणीने त्यांचा हा गमतीदार घोळही लिहावा. आपण लिहिला नाही, तर पडद्यावर पुन्हा हवेली येईल, नाहीतर चाकू.