हळू बोलणारा माणूस

टोकावड्याहून नाटक बघायचं तर कल्याण गाठावं लागतं. माळशेजकडून येणारी एसटी पकडायची, सरळगाव, मुरबाड करत पन्नासेक किलोमीटर जायचं आणि अत्रे रंगमंदिरात बसून परतीच्या गाडीच्या काळजीने सारखं घड्याळ बघायचं. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसांची नटाची पारख नाट्यगृहात घडली नाही. ती घडली म्हशाच्या जत्रेत, पौषातल्या थंडीत घोंगडी पांघरून बघितलेल्या तमाशात. शहापूरच्या वरच्या अंगाला ती बोहाड्यात घडली. तिथे मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही, सोंग चालीवरून ओळखावं लागतं. या प्रेक्षकाला फसवणं सोपं नव्हतं, आणि त्याने आपला म्हणून जो नट निवडला तो निळू फुले.

माझे आजोबा गवताच्या वखारीवर राबलेले. मुंबईच्या तबेल्यांना शहापूर-मुरबाडचं गवत जायचं त्या काळातली गोष्ट. गावातल्या एकुलत्या टीव्हीवर दूरदर्शनचा मराठी सिनेमा लागला होता आणि निळू फुले कुणा गरिबाला समजावणीच्या सुरात धमकावत होते. बायका शिव्या घालत होत्या. आजोबा एवढंच म्हणाले, "आमचा शेठबी असाच बोलायचा. हलू. आरडायचा नाय कदी."

फुल्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण मला हे वाक्य पुरतं. ज्याच्या हातात जमीन, पैसा आणि माणसं आहेत, त्याला आवाज चढवायची गरजच पडत नाही. समोरचा कान देऊन ऐकणार, हे त्याला ठाऊक असतं. फुल्यांनी सत्तेचा हा आवाज नेमका पकडला होता: शब्द किंचित ओढायचा, वाक्याच्या अधेमधे थांबायचं, डोळे अर्धवट मिटून माणूस जोखायचा. खलनायक त्याआधीही होते. पण त्यांचा दुष्टपणा नाटकी वाटायचा, आणि हा मात्र ओळखीचा वाटला.

हा हळू आवाज आला कुठून? नवल म्हणजे तो आला उघड्या मैदानातून. पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढला. राम नगरकर तिथलेच सोबती. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झालं आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'ने १९६८ साली पडद्यावर आणलं. लोकनाट्याची शाळा कडक असते. वगाची गोष्ट ठरलेली, पण बोलणं त्या रात्रीचं, त्या गावचं. हशा आला की तो ओसरेपर्यंत थांबावं लागतं. लवकर बोललात तर वाक्य वाया, उशिरा बोललात तर रंग गेला. हे थांबणं ज्याच्या अंगात मुरलं, त्याला कॅमेऱ्यासमोर ओरडायची गरज उरत नाही.

'सामना' पुन्हा पाहा. जब्बार पटेलांचा हा सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागूंचा मास्तर यांची ती जुगलबंदी. लागू शब्दांवर स्वार होणारे नट, पल्लेदार. फुले समोर बसून ऐकतात, आणि ऐकता ऐकता पाटील आतून कसा खचत जातो ते दिसतं. मारुती कांबळे या माणसाचं काय झालं, असं मास्तर पुन्हा पुन्हा विचारत राहतो, तेव्हा पाटलाच्या चेहऱ्यावर रागाआधी एक थकवा येतो. खलपुरुषाला थकवा देणं हे फार मोठ्या नटाचं काम आहे.

'सखाराम बाइंडर' हे तेंडुलकरांचं नाटक १९७२ सालचं. तिथला फुल्यांचा सखाराम लंपट आहे, मारकुटा आहे, आणि स्वतःच्या नियमांशी प्रामाणिकही. आणि 'सिंहासन'मध्ये याच नटाने दिगू टिपणीस केला! अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरच्या या सिनेमात मुख्यमंत्री, मंत्री, पुढारी सगळे बोलतात; पत्रकार दिगू बघतो. सगळ्या सिनेमाभर साठवलेलं ते बघणं शेवटी हसण्यातून फुटतं आणि त्याचं भान सुटतं. सत्ता गाजवणारा आणि सत्ता बघून वेडा होणारा, दोन्ही एकाच नटाचे.

एक खंत मात्र लिहिलीच पाहिजे. मराठी-हिंदी मिळून अडीचशेच्या आसपास सिनेमे त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांतले बरेच आज बघवत नाहीत. पाटील, सरपंच, कारखान्याचा चेअरमन, तोच वाडा आणि तीच बाई. चित्रपटसृष्टीने त्यांना साच्यात घातलं. 'सारांश'मधला गजानन चित्रे हिंदीत लक्षात राहिला, पण तोही साच्याच्या जवळचाच. १३ जुलै २००९ला ते गेले, आणि मागे नकलाकारांनी उरवलं ते वाड्यावर बोलावणारं एक वाक्य. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झिजलेला हा माणूस एवढ्यावर आटोपला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

आज मालिकांमधला गावचा पाटील बघा. मिशी, कोल्हापुरी वहाण, मागे ढॅण ढॅण संगीत, आणि नट तोंडातल्या तोंडात गुरगुरतो. त्याला थांबता येत नाही, कारण थांबायला शिकवणारी जागाच उरली नाही. कलापथकं संपली, लोकनाट्य मागे पडलं, तमाशाच्या फडांना तंबू उभारणं परवडेना. अपवाद आहेत. 'फँड्री' सिनेमातला किशोर कदमांचा कचरू मान खाली घालून जे सांगतो ते संवादांत मावणारं नाही. 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकातल्या जालन्याच्या पोरांनी मैदानी रंगभूमीची ताकद २०१२मध्ये मोठ्या शहरांना दाखवली. पण अपवादांनी शाळा चालत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका स्नेहसंमेलनाची तालीम मी घेत होतो. ठाकरवाडीतला एक मुलगा सावकार झाला होता आणि जीव तोडून ओरडत होता. त्याला म्हटलं, ओरडू नकोस, घरात चुलीपाशी बोलतोस तसा बोल, आणि बोलायच्या आधी जरा थांब. कार्यक्रमाच्या रात्री तो थांबला. मागे काही ऐकू गेलं नाही, गलका झाला. तो तसाच उभा राहिला. मग मागच्या रांगेतल्या बायकांनी पोरांना दटावलं, आणि पटांगण गप्प झालं.