शेक्सपिअर, विल्यम

शेक्सपिअर, विल्यम : (बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ – २३ एप्रिल १६१६). जगद्विख्यात इंग्रज नाटककार व कवी. जन्म स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथे. वडील जॉन हे हातमोजे बनविण्याचा व्यवसाय करीत आणि काही काळ नगराच्या कारभारातही होते. १५८२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा ॲन हॅथवेशी विवाह झाला. त्यांच्या तीन अपत्यांपैकी हॅम्नेट हा एकुलता मुलगा १५९६ मध्ये, अकरा वर्षांचा असताना वारला. लंडनच्या नाट्यक्षेत्रातील शेक्सपिअरच्या वास्तव्याचा पहिला मुद्रित उल्लेख १५९२ मधला. रॉबर्ट ग्रीनच्या नावावरील एका पुस्तिकेत त्याच्या नावावर कोटी करून त्याची कुचेष्टा केलेली आहे. १५९४ पासून तो ‘लॉर्ड चेंबरलेन्स मेन’ ह्या नाटकमंडळीत नट, लेखक व भागीदार होता. १५९९ मध्ये उभ्या राहिलेल्या ग्लोब नाट्यगृहातही त्याचा वाटा होता. त्याने लिहिलेले एकही खाजगी पत्र वा दैनंदिनी उपलब्ध नाही. मृत्युपत्रात पत्नीला दुय्यम प्रतीचा पलंग दिल्याची नोंद आहे. तिच्यावरून त्याच्या संसाराविषयी पुष्कळ तर्क लढविले गेले, पण ते तर्कच होत.

चरित्र असे मुके असल्यामुळे शेक्सपिअरचे विचार त्याच्या नाटकांतील सुभाषितांत शोधण्याची प्रथा पडली. विल्यम डॉडने १७५२ मध्ये त्याच्या निवडक उताऱ्यांचा संग्रह काढला आणि पुढे असे अनेक संग्रह निघाले. ही प्रथा दिशाभूल करणारी आहे. हॅम्लेटमध्ये पोलोनिअस परदेशी निघालेल्या मुलाला जो उपदेश करतो, तो शेक्सपिअरचा जीवनविषयक सल्ला म्हणून शाळांतून पाठ करून घेतला गेला. परंतु हाच पिता पुढील अंकाच्या आरंभी त्या मुलावर पाळत ठेवण्यासाठी माणूस धाडतो, आणि त्यासाठी मुलाची खोटी बदनामी करण्याचीही त्याला मुभा देतो. ऑथेल्लोमध्ये सत्कीर्तीचे मोल सांगणारे प्रसिद्ध भाषण इआगोच्या तोंडी आहे. कीर्ती म्हणजे पोकळ गोष्ट, असे त्यानेच थोडे आधी कॅशिओला समजावलेले असते. ॲज यू लाइक इट मधील जेक्विस मानवी आयुष्याच्या सात अवस्था वर्णून वार्धक्याला केवळ गलितगात्र ठरवितो, तोच ऑरलँडो आपल्या म्हाताऱ्या, स्वामिनिष्ठ सेवकाला उचलून रंगमंचावर आणतो. ह्या प्रवेशाने जेक्विसचे म्हणणे खोडून निघते, आणि तेही एका शब्दाशिवाय. मॅक्‌बेथचे जीवनाच्या निरर्थकतेविषयीचे उद्‌गार हे तर स्वतःच्या हातांनी सर्वनाश ओढवून घेतलेल्या माणसाचे आहेत. ते नाटककाराचे तत्त्वज्ञान मानल्यास शोकांतिकेचा अर्थच हरवतो.

तात्पर्य सांगण्याची ही टाळाटाळ सर्वांनाच रुचली नाही. डॉ. जॉन्सनने १७६५ च्या आपल्या प्रस्तावनेत शेक्सपिअर नैतिक हेतूविना लिहितो असा आक्षेप घेतला. तथापि त्याच प्रस्तावनेत, सुट्या उताऱ्यांवरून शेक्सपिअरची महती सांगणारा माणूस हा घर विकताना नमुना म्हणून खिशात वीट घेऊन हिंडणाऱ्या पढतमूर्खासारखा होय, असेही त्याने म्हटले. आणि आक्षेपापेक्षा हा दृष्टांत अधिक मर्मग्राही आहे. शेक्सपिअरचे शहाणपण उक्तीत नसून प्रसंगाच्या रचनेत असते. राजा लिअर राजदंड टाकून वादळात उभा राहतो, तेव्हाच आपल्या राज्यातील उघड्यानागड्यांची त्याला प्रथम आठवण होते. हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

नाटके जपली गेली ती सहकारी नटांमुळे. हेमिंग्ज आणि काँडेल ह्यांनी १६२३ मध्ये छत्तीस नाटकांचा ‘फर्स्ट फोलिओ’ प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे निम्मी नाटके तोवर छापलीच गेली नव्हती. मॅक्‌बेथ आणि द टेम्पेस्ट ही त्यांपैकीच होत.

मराठीत गो. ग. आगरकरांनी विकारविलसित (१८८३) ह्या नावाने हॅम्लेटचे, तर गो. ब. देवलांनी झुंझारराव (१८९०) ह्या नावाने ऑथेल्लोचे रूपांतर केले. वि. वा. शिरवाडकरांचे नटसम्राट १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्यांनी लिअरची वचने उचलली नाहीत. सर्वस्व मुलांना वाटून देणाऱ्या वृद्ध पित्याचा पेच तेवढा घेतला आणि तो एका निवृत्त मराठी नटाच्या घरात नेऊन ठेवला.