उत्तर आधीच ठरलेलं विश्व

बियांकी-१ हे तसं साधं मॉडेल. विश्व प्रसरण पावतंय, पण तिन्ही दिशांना वेग सारखा नाही. वेगांतल्या या तफावतीचं माप म्हणजे शिअर. प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून २०१६ मध्ये काढलेल्या मर्यादा पाहिल्या, तर आज हा शिअर प्रसरणाच्या दराच्या मानाने फार तर दहा लाखांत एक. मग तो गेला कुठे? चार्ल्स मिस्नर यांनी १९६८ मध्ये सुचवलं की सुरुवातीच्या तप्त विश्वात न्यूट्रिनोंमुळे आलेल्या चिकटपणाने, म्हणजे व्हिस्कोसिटीने, तो जिरवला. ही कल्पना पुरेशी आहे का, यावर पुढे बरीच भांडणं झाली. पण प्रश्न खरा होता.

आता या विषयावरचे पेपर उघडा. आपल्याकडे, विदर्भात तर खास, ते भरपूर लिहिले जातात. बऱ्याच पेपरांत एक ओळ हमखास सापडते: शिअर हा प्रसरणाच्या दराच्या प्रमाणात आहे असं मानू. यामुळे एका दिशेचा मापक दुसरीचा घात होतो आणि समीकरणं पटकन सुटतात. शेवटी निष्कर्ष येतो, 'हे विश्व कधीच समदिश होत नाही.' अहो, कसं होईल? गुणोत्तर स्थिर राहील असं तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय! घातांक २ घेतला तर शिअर भागिले प्रसरण कायम ०.१४ च्या आसपास.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. फक्त बल्क व्हिस्कोसिटी घेतली, तर ती शिअरला थेट हात लावत नाही; शिअर आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्यावर वरची अट लादली की आकारमान काळाच्या सम प्रमाणातच वाढू शकतं. त्यासाठी परिणामी दाब घनतेइतका हवा. पण बल्क व्हिस्कोसिटी दाब कमी करते. म्हणजे नेहमीच्या पदार्थासाठी तिचा सहगुणक ऋण निघतो, आणि तो उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात बसत नाही. शिअर व्हिस्कोसिटी घेतली तरी, आकारमान काळाच्या वर्गाने वाढतंय म्हटलं की तीही ऋण. आलेख काढून चिन्ह बघायची तसदी मात्र फार कमी जण घेतात.

ज्या बियांकी प्रकारांत वक्रता शिअरला खतपाणी घालते, तिथे या अटीचं समर्थन करता येतं. बियांकी-१ मध्ये ती वक्रताच नाही. तिथे अट सोडून समीकरणं संगणकावर सोडवायला एक संध्याकाळ पुरते. सुटसुटीत सूत्र मिळत नाही, एवढंच.