गळा, गज आणि गुरुपण : पं. गजाननबुवा जोशी



आज आपण पं. गजाननबुवा जोशी यांच्याबद्दल बोलणार आहोत. बुवांचा जन्म १९११चा, निधन १९८७चं. त्यांची ओळख करून देताना 'अष्टपैलू' हा शब्द हमखास येतो. मग यादी सुरू होते. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर ही तीन घराणी, गाणं आणि व्हायोलिन, आकाशवाणीतली नोकरी, १९७२ साली मिळालेला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, आणि शेवटी शिष्यांची नावं. यादी खरी आहे, पण यादीनं समीक्षा होत नाही. किराणा दुकानातही पुष्कळ माल असतो, म्हणून काही दुकानदाराला आपण बल्लवाचार्य म्हणत नाही. एकाच माणसात इतकं सगळं आलं, तेव्हा ते एकमेकांत कालवलं गेलं का? एकमेकांच्या आड आलं का? आणि त्यातून पुढच्यांच्या हाती काय लागलं? हे तीन प्रश्न मला आज घ्यायचे आहेत.

आधी तालमीचं बघू. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. ग्वाल्हेरची गायकी गजाननबुवांना घरातच मिळाली. पुढे ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, आग्र्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडे शिकले आणि अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडून त्यांनी जयपूरची तालीम घेतली. घरात गायकी असलेल्या माणसानं दुसऱ्या घराण्याच्या उस्तादापुढे नव्यानं शिष्य म्हणून बसणं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आपलं आहे ते कमी आहे असं आधी मनाशी कबूल करावं लागतं, आणि नंतर लोक 'हा नक्की कोणाचा?' असं विचारतात तेही ऐकून घ्यावं लागतं.

आता व्हायोलिनकडे येऊ. बुवा गायक होते आणि शिवाय व्हायोलिनही वाजवायचे, असं आपण म्हणतो. त्यातलं 'शिवाय' मला खटकतं. माझं म्हणणं असं, की त्यांच्या गाण्याची आणि शिकवण्याची नीट किल्ली व्हायोलिनमध्येच सापडते.

हे बघा, व्हायोलिनला पडदे नसतात. स्वर कुठे आहे हे बोटाला कोणी सांगत नाही, ते कानालाच सांगावं लागतं. मींड अखंड घेता येते, म्हणून हे वाद्य गायकीला जवळचं. गज एकीकडून दुसरीकडे जातो तो एक श्वास समजा. गज कुठे उलटवायचा हे ठरवणं म्हणजे वाक्य कुठे तोडायचं हे ठरवणं. गायकाला श्वास संपतो तेव्हा थांबावंच लागतं. वादकाला तशी सक्ती नाही, त्यामुळे आपण का थांबलो याचं उत्तर त्याच्याजवळ असावं लागतं.

पण व्हायोलिनजवळ एक गोष्ट नाही, ती म्हणजे शब्द. गायकी अंगानं वाजवणाऱ्याची खरी परीक्षा इथं आहे. जयपूरची गायकी घ्या. आकारानं विणत जाणारी, आवर्तनभर पसरणारी, पेचदार वळणांची. शब्द गेले तरी तिचा सांगाडा शाबूत राहतो. ग्वाल्हेरची सपाट तान एका गजात घेता येते, पण स्थायी-अंतरा ठसठशीत मांडण्याची त्या घराण्याची शिस्त शब्दांविना कशी दाखवायची? आणि आग्र्याची बोलबाँट तर सगळी शब्दांवर उभी. लयीशी झोंबणारी अक्षरं काढून घेतली तर उरतं काय? उरतो आघात. अक्षराच्या जागी गजाचा ठोका आला पाहिजे, त्याचं वजन त्या अक्षराइतकं पाहिजे आणि तो मात्रेच्या नेमक्या ठिकाणी पडला पाहिजे.

म्हणजे गायकी अंगानं व्हायोलिन वाजवणाऱ्याला प्रत्येक घराण्याचं गाणं आतून उसवून बघावं लागतं. यातलं शब्दाचं किती, स्वरवाक्याचं किती, लयीचं किती? नुसत्या गायकाला हा हिशेब मांडल्यावाचूनही आयुष्य काढता येतं. बुवांना दोन्हीकडून तो मांडावा लागला. तीन गायक्या त्यांच्याकडे वेगवेगळ्या राहू शकल्या त्याचं मोठं कारण मला इथं दिसतं. ज्याला वस्तूचे सांधे माहीत असतात, तो दोन वस्तू एकमेकींत कोंबत नाही.

याचा पुरावा कुठे शोधायचा? माझ्या मते, शिष्यांत. पं. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे ही नावं तुम्हाला माहीत आहेत. तिघांनीही बुवांकडे तालीम घेतली, आणि तिघांचं गाणं एकमेकांसारखं नाही. एका साच्यातून काढलेले शिष्य लगेच ओळखू येतात, इथं तसं होत नाही. कशाळकरांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. त्यांना राम मराठ्यांचीही तालीम मिळाली आणि १९९३पासून कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत त्यांनी गुरू म्हणून शिकवलं. ते राग निवडतात तसा त्याचा घाटही निवडतात. ग्वाल्हेरचा राग ग्वाल्हेरसारखा येतो, जयपूरचा अनवट राग जयपूरच्या विणीतच येतो, आणि तरीही गाणारा माणूस एकच आहे हे कळत राहतं. भेळ न करता तीन चवी राखायच्या, हे गुरूकडून आल्याशिवाय सहसा जमत नाही.

इथं कोणी म्हणेल, की हे सगळं ठीक, पण बुवांना स्वतःला काय मिळालं? प्रश्न रास्त आहे. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांची नावं जशी घरोघरी पोचली, तसं बुवांचं पोचलं नाही. मला यात अष्टपैलूपणाची किंमत दिसते. श्रोत्याला कलावंताची एकच खूण लक्षात ठेवायला आवडते. 'गवई की व्हायोलिनवादक?' या प्रश्नाला 'दोन्ही' असं उत्तर आलं, की पुष्कळदा माणूस दोन्ही यादींत दुसऱ्या ओळीत जातो. व्हायोलिनच्या बाजूनंही थोडी हुरहूर आहे. श्रीधर पार्सेकर हे त्यांचे तेजस्वी शिष्य, पण ते अकाली गेले. चिरंजीव मधुकर जोशी यांनी व्हायोलिन पुढे नेलं. तरी वादनाची शाखा गायनाच्या शाखेइतकी पसरली नाही, हे मान्य करावं लागेल. हे नुकसान आहे आणि गौरवग्रंथी भाषेत ते झाकू नये.

मग हे सगळं आज का बोलायचं? आज तुमच्या-माझ्या फोनवर सगळी घराणी एका बोटाच्या अंतरावर आहेत. शिकणारी मुलं सकाळी एका गुरूकडून, संध्याकाळी दुसऱ्याकडून ऑनलाइन घेतात. त्याला माझी हरकत नाही, बुवांनीही अनेकांकडून घेतलंच की. पण त्यांनी प्रत्येक ठिकाणी बैठक मारली आणि घेतलेलं वेगळं ठेवण्याची मेहनत केली. वेचणं सोपं असतं, निवडणं अवघड. बुवांच्या कारकिर्दीकडून आजच्या विद्यार्थ्यानं शिकायचं ते हे निवडणं.

जाता जाता एक सुचवतो. बुवांच्या व्हायोलिनची जी ध्वनिमुद्रणं मिळतात, त्यातलं एखादं लावा. राग ओळखायची घाई करू नका. फक्त गज कुठे उलटतो तिकडे कान ठेवा. मग त्यांचं गाणं लावा आणि श्वास कुठे घेतला जातो ते ऐका. दोन्हींत वाक्य एकाच जागी तुटतं का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.