कालिया मर्दन

हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी, नासिक या संस्थेचा १९१९ मधील मूकपट. दिग्दर्शक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४). बाळकृष्णाची भूमिका त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. फाळके यांच्या बहुतेक मूकपटांचे त्रोटक अंशच उरले असताना याचा मात्र बराच मोठा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) जतन केला.

या चित्रपटाची गणना पौराणिक चित्रपटांत केली जाते. तथापि त्याचा पूर्वार्ध वस्तुतः विनोदपटच आहे. गोपींची छेड, लोण्याची चोरी, यशोदेकडे जाणारी गाऱ्हाणी असे प्रसंग त्यात एकामागून एक येतात. रात्री एका धनिकाच्या शयनगृहात शिरून कृष्ण निजलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतो, हा त्यांतील सर्वांत रंगलेला प्रसंग होय. प्रतिष्ठित गृहस्थाची फजिती हा फ्रेंच विनोदी नट माक्स लँडेर याच्या लघुपटांचाही आवडता विषय. परंतु लँडेर स्वतःच फजित पावतो. येथे खोडी काढणारा साक्षात देव आहे व प्रेक्षकांना ते आधीच ठाऊक असते. त्यामुळे पुढे काय होईल ही उत्कंठा उरत नाही. हसू येते ते खोडीच्या तपशिलाला आणि मुलीच्या मुद्रेला.

फाळके यांचा कॅमेरा बहुधा स्थिर असतो. पात्रे पूर्णाकृती दिसतात आणि विनोद चौकटीच्या आत, नाटकातील प्रवेशासारखा घडतो. अपवाद आरंभीचा : मंदाकिनी आपल्या नेहमीच्या रूपात निरनिराळे भाव जवळून दाखविते व मग त्याच चेहऱ्यातून कृष्णवेषातील चेहरा उमटतो. ही घरचीच मुलगी, हे दिग्दर्शकाने लपविलेले नाही. पुढे तिच्या खोड्यांना जो जिवंतपणा येतो, त्याचे मूळ या कबुलीत आहे.

उत्तरार्धात डोहातील युद्ध आणि काठावरचा आक्रोश आलटून पालटून दाखविले आहेत. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत आणि फ्रान्सच्या झॉर्झ मेल्येसप्रमाणे त्यांनाही चमत्कृतीची ओढ होती. मात्र येथील नागाचा कृत्रिमपणा झाकत नाही. त्या काळच्या भाविक प्रेक्षकांना युद्धाचाच भाग अधिक भावला असणे स्वाभाविक आहे. परंतु आज पाहताना दाढीच्या गाठीचा प्रसंग अधिक ताजा वाटतो. फाळके यांना चमत्काराचे आद्य कारागीर मानताना त्यांच्यातील विनोदी दिग्दर्शकाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.