श्वानदुग्धातील प्रोबायोटिक : अपादान आणि संप्रदान

कुत्रीच्या दुधातून वेगळे केलेले जीवाणू कुत्र्यांनाच पूरक आहार म्हणून द्यावेत, ही कल्पना निराधार नव्हे. स्पॅनिश संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दुधातील लॅक्टोबॅसिलस जीवाणू पचनमार्गात तग धरतात काय, श्लेष्म्याला चिकटतात काय, हे तपासले होते. मूळ प्रश्न असा सावध आहे. शैथिल्य येते ते विक्रेत्यांच्या भाषेत.

'कुत्रीच्या दुधापासून, म्हणून कुत्र्यासाठी' असा या भाषेचा युक्तिवाद असतो. 'पासून' अपादान दर्शवितो, 'साठी' संप्रदान. परंतु उगम सांगितल्याने हित सिद्ध होत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००१ च्या व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास हितकर ठरणारे सजीव सूक्ष्मजीव. सजीवता, प्रमाण व हित या तीन अटींत उगमाला स्थान नाही.

शिवाय 'दुधातून' हे पदही संदिग्ध आहे. दुधात सापडलेला जीवाणू स्तनाच्या त्वचेवरून किंवा पिलाच्या मुखातूनही आलेला असू शकतो. जातिनामेही उगमाची ग्वाही देत नाहीत. 'म्युरिनस' म्हणजे उंदराचा. तरी तो श्वानदुग्धातही आढळला. २०२० साली लॅक्टोबॅसिलस प्रजातीचे विभाजन होऊन 'रॉयटेरी' ही जाती लिमोसिलॅक्टोबॅसिलसमध्ये गेली. नाव बदलले, जीवाणू तोच राहिला. गुण तर संपूर्ण जातीचे नसून विशिष्ट प्रभेदाचे असतात.

तरीही हा युक्तिवाद पटतो, कारण दुधाबरोबर गुण संक्रमित होतो ही धारणा भाषेत खोल रुजलेली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे 'वाघिणीचे दूध' हे रूपक याच धारणेवर उभे आहे. रूपकात ती शोभते. औषधाच्या वेष्टनावर तिला पुराव्याचे स्थान देता येत नाही. जुलाबाने क्षीण झालेल्या पिलाचा मालक त्या शब्दांवर विसंबून पशुवैद्याकडे जाण्यास विलंब लावील, तर त्याची किंमत पिलालाच मोजावी लागेल.

यजमानाच्याच शरीरातील जीवाणू त्याला अधिक मानवेल, हे गृहीतक तपासण्याजोगे आहे. परंतु ते परीक्षेचा आरंभ होय, निष्कर्ष नव्हे. वेष्टनावर प्रभेदाचे नाव, मुदतीअखेरची जिवंत जीवाणूंची संख्या आणि कुत्र्यांवरील चाचणीचा निर्देश असेल, तरच 'साठी' हा शब्द सार्थ ठरेल.