‘सैराट’चा अल्बम : चार गाणी आणि गाण्याविना उरलेली गोष्ट

पोराटोरांना आणि त्यांच्या आईबापांना एकच अल्बम आवडला की आपण चटकन म्हणतो, ‘सगळ्यांसाठी काहीतरी आहे त्यात.’ मला हे पटत नाही. थोडं तुझं, थोडं माझं केलं की बहुतेक वेळा संगीत मिळमिळीत होतं. अजय-अतुल यांचा २०१६चा ‘सैराट’ तसा नाही. गाणी फक्त चार, आणि चारही दोन्ही पिढ्यांनी ऐकली. पण कारणं वेगवेगळी होती.

पोरांचं कारण आधी बघू. पंधरा-सोळाव्या वर्षीच्या प्रेमाला घरात काय म्हणतात? ‘वय आहे, जाईल निघून.’ इथे त्याच प्रेमासाठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला गेला. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनचा ताफा उठतो तो एका कोवळ्या पोराच्या मनासाठी. संगीत त्याला हसत नाही. ‘आताच बया का बावरलं’मध्ये श्रेया घोषाल यांच्या आवाजात मुलगी स्वतःच्या मनातलं बोलते. पोरांना हा मान कळला.

आता मोठ्यांचं. ‘वेड’ नाही, ‘याड’. ही आपल्या करमाळ्याकडची, गावाकडची बोली. एरवी सिनेमात ती विनोदाला वापरतात. इथे ती एवढ्या मोठ्या वाद्यवृंदासमोर ताठ उभी राहिली. २०१८च्या ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ची चाल राहिली, शब्द हिंदी झाले. ठेका तोच, पण आपल्या माणसाला त्यात घर सापडत नाही.

इथवर कौतुक. आता माझी तक्रार ऐका.

चारही गाणी सिनेमाच्या पहिल्या भागात संपतात. ‘झिंगाट’ वाजतं ते आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला, आणि त्याच रात्री दोघं पकडली जातात. पुढे पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत खोली घेतात. पाटलाची पोर कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते. या सगळ्यावर एकही गाणं नाही. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतलाय. सिनेमात ही शांतता अंगावर येते. अल्बममध्ये मात्र ती येऊच शकत नाही. चौथं गाणं संपलं की आपण पुन्हा पहिलं लावतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभं राहून हे बोलण्याला अर्थ आहे. इथे टॉवेल-चादरीचे माग चालतात, मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. भाड्याची खोली, पाळीची नोकरी, दुसऱ्याची भाषा शिकून केलेला संसार. ‘सैराट’चा हा अर्धा भाग तुमच्या सगळ्यात जवळचा आहे. नेमका तोच गाण्याविना राहिला. (शांतता)

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांची यात चूक आहे असं मी म्हणत नाही. तिथे गाणं घातलं असतं तर सिनेमा खोटा झाला असता. पण ऐकणारे म्हणून आपण काय केलं? सोयीचा अर्धा उचलला. वरातीत ‘झिंगाट’ लागलं की आजोबा, बाप, नातू एकत्र नाचतात. ते लग्न ठरवताना जात विचारलेली असते, बरं का! ज्या गोष्टीतलं हे गाणं आहे, ती गोष्ट त्या मांडवात कुणी काढत नाही.

म्हणून दोन पिढ्यांना एक अल्बम आवडला याचा अर्थ त्यांचं एकमत झालं असा होत नाही. ठेक्यावर एकमत झालं, एवढंच. ते काही कमी नाही. एकत्र नाचलेली माणसं कधीतरी बोलूही शकतात. तेव्हा घरी गेल्यावर मुलांबरोबर चारही गाणी ओळीनं ऐका. मग पाचवं लावू नका. फोन बाजूला ठेवा आणि पुढे आर्ची-परश्याचं काय झालं, ते का झालं, यावर बोला. पोरं बोलतील. त्यांचं मधे न तोडता ऐकून घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.